पावसाळ्याआधीची कामं : इमारती आणि आवार, प्रकल्प नोंदी (एप्रिल ते जून २०२४)

जागा : चंदगड तालुका, घाटमाथ्याजवळ. शेती आणि आवार मिळून अकरा एकर. मनोविकारातून सावरणारे ३२ निवासी, कर्मचारी १४. इमारती : जेवणघर आणि त्याला काटकोनात जोडलेलं स्वयंपाकघर, राहण्याच्या चार चाळी, गोठा, अवजारांची खोली, दवाखान्याची खोली. सगळं बांधकाम जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो, त्यामुळे जे काही गळतं किंवा कुजतं ते बहुतेक पश्चिमेच्या अंगाला.

१५ एप्रिल, सोमवार

आवाराची फेरी. यंदाच्या कामांचा क्रम : जेवणघराचं छप्पर, विहिरीची जाळी, गोठ्याचा कोबा, चाळींची दारं, स्वयंपाकघराचं सांडपाणी, वीज. रस्ते आणि चर अधूनमधून.

जेवणघरावर कौलं काढून रंगीत पत्रा टाकण्याचं दरपत्रक आलं होतं. काम तीन दिवसांचं. नको म्हटलं, कारणं दोन. जोराच्या पावसात पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ज्यांच्या डोक्यात आधीच आवाजांची गर्दी आहे त्यांना तिथे दोन वेळा जेवायला बसवणं बरोबर नाही. दुसरं म्हणजे पत्र्याच्या कामात आमच्या माणसांच्या वाट्याला काहीच येत नाही. कौलाच्या कामाचे तुकडे पडतात : उतरवणं, मोजणं, वाजवून बघणं, घासणं, रचणं, देणं. प्रत्येक तुकडा अर्ध्या तासातही सोडता येतो आणि सोडला म्हणून पुढचं अडत नाही. इथे काम निवडताना हीच पहिली अट.

उन्हाचे नियम फळ्यावर लिहिले. काम सकाळी ७ ते १०.३० आणि संध्याकाळी ४.३० ते ६.३०. लिथियम घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी घटलं की औषधाची रक्तातली पातळी वाढते, म्हणून त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा आणि मोजलेला. जेवणातलं मीठही अचानक कमी करायचं नाही. काही औषधांनी घाम कमी येतो, काहींनी कातडी लवकर भाजते. टोपी आणि पूर्ण बाह्या सगळ्यांना. गुंगी आणणारं औषध चालू असेल तर शिडी नाही. कोणाला कोणतं औषध चालू आहे याची यादी दर सोमवारी दवाखान्यातून नवीन येते, जुनी वापरायची नाही.

हजेरी अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २० प्रमाणे काम सक्तीचं नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यायचा. हजेरीपत्रकात ‘आज नको’ असा रकाना आहे. त्यात कारण लिहायचं नाही.

१८ एप्रिल

जेवणघराचं पश्चिमेचं पाखं (छपराची उतरती बाजू) उघडलं. गेल्या वर्षी मधल्या टेबलांवर गळत होतं. समज असा होता की माकडांनी कौलं फोडली आहेत. दरवर्षी शाकारणी (पावसाआधी कौलं नीट लावणं) करूनही गळतं म्हणजे फुटकी कौलं राहून जात असणार, असं सगळे धरून चालले होते.

उतरवण्याची पद्धत : आढ्याकडून खाली यायचं. वर दोघे, पाय रिपेवरच (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर), कौलाच्या पोटावर कधीच नाही. लाकडी घसरगुंडीवर गोणपाट टाकून एकेक कौल खाली सोडायचं. फेकाफेक केली तर पाचातलं एक जातं. खाली कौलं उभी, एकमेकांना टेकून रचायची. आडवी थप्पी घातली की तळातली दबून चिरतात.

२० एप्रिल

वाजवून निवड. कौल डाव्या हाताच्या दोन बोटांवर लोंबतं धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने मधोमध टकटक करायची. धड कौल खणखणीत वाजतं, बारीक चीर असलेलं भद्द वाजतं, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. शंका आली तर पाठीवर ओलं फडकं फिरवायचं. पाणी सुकताना चिरेची रेघ शेवटपर्यंत ओली राहते. शेवाळ काथ्याच्या ब्रशने काढलं. तारेच्या ब्रशने वरचा गुळगुळीत थर जातो आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं.

मोजणी : एकूण ७६८. धड ६९०, चीर गेलेली ५७, उतरवताना फुटलेली २१.

चिरा गेलेली ५७ कौलं पाखभर विखुरलेली होती, मधल्या टेबलांवर एवढं पाणी का यायचं ते त्यातून कळेना. उत्तर मोजणीतच होतं, ते निवडीला बसलेल्या एका निवाशाने दाखवलं. आडव्या ओळीत ६४ कौलं. ७६८ ला ६४ ने भागलं की १२ ओळी येतात. पूर्वेच्या पाखाची लांबी तेवढीच आणि तिथे १३ ओळी आहेत. म्हणजे पश्चिमेला एक अख्खी ओळ कमी.

२३ एप्रिल

रिपांची अंतरं मोजली. वळचणीकडचे चार गाळे साडेबारा इंचांचे, बरोबर. त्यावर मागे कधीतरी रिपा बदलल्या आहेत आणि नऊ गाळ्यांच्या जागेत आठच घातलेत, प्रत्येकी चौदा इंच. आपलं कौल सव्वासोळा इंच लांब. साडेबारावर कौलावर कौल पावणेचार इंच चढतं, चौदावर फक्त सव्वादोन, आणि वरच्या कौलाची खाच खालच्यावर बसतच नाही. सरळ पावसात हे चालून जातं. वाऱ्याने पाणी उलटं वर ढकललं की सरळ आत. तिथून ते रिपेवरून वाशावर आणि वाशावरून खाली मधल्या टेबलापर्यंत. फुटकी कौलं कितीही बदलली असती तरी उपयोग नव्हता.

वरच्या सगळ्या रिपा काढायच्या ठरल्या. नवीन रिपा किंजळीच्या लाकडाच्या, दोन बाय एक इंच. अंतरासाठी टेप वापरायचा नाही. साडेबारा इंचांची लाकडी मापपट्टी कापून तिघांना दिली. टेपने मोजताना दर वेळी पाव इंच इकडेतिकडे होतं आणि नऊ गाळ्यांत ते साठत जातं.

२७ एप्रिल

रिपांना वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल. इथे काजूचे कारखाने असल्याने ते सहज मिळतं आणि लाकडाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण अंगावर उडालं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनाभर जात नाही. रबरी हातमोजे, आधी मनगटापर्यंत खोबरेल, चष्मा. हे काम फक्त दोन कर्मचाऱ्यांनी, बाकीच्यांपासून लांब, काजूच्या झाडाखाली केलं. एक हात दिल्यावर दोन दिवस वाळवलं, मग दुसरा. ओलं तेल वाशांवर चढवलं तर पहिल्या उन्हात खाली ठिबकतं.

३० एप्रिल

कौलं चढवली. लागणार ८३२, धड ६९०, कमी १४२. नवीन १६० आणली. नवीन कौलाचा छाप वेगळा, आणि वेगळ्या छापाची कौलं एकमेकांत बसत नाहीत; खाचेत दोन सुताचा (पाव इंचाचा) फरक पडतो. नवी-जुनी मिसळली तर प्रत्येक सांधा संशयाचा. म्हणून उत्तर टोकाला अकरा उभ्या ओळी पूर्ण नवीन (१४३) आणि उरलेल्या त्रेपन्न पूर्ण जुन्या (६८९). संशयाचा सांधा एकच राहिला, तिथे खालून पत्र्याची पट्टी दिली. जुनं एक आणि नवीन सतरा शिल्लक, अवजारांच्या खोलीमागे उभी करून ठेवली.

२ मे

संध्याकाळी वळीव, पाऊण तास. पश्चिमेचं पाखं कोरडं. पण स्वयंपाकघर जिथे जोडलंय त्या कोपऱ्यात धार. गेल्या वर्षी बहुधा तेही मधल्या गळतीच्या खात्यात जमा होत होतं.

४ मे

नळीने तपासणी. छपरावर एकदम पाणी मारलं की सगळीकडून गळतं आणि काहीच कळत नाही. खालून सुरुवात करायची : वळचणीच्या ओळीवर दहा मिनिटं, मग एक ओळ वर, पुन्हा दहा मिनिटं. आत एक जण टॉर्च घेऊन. थेंब दिसला की ओरडायचं. ओरडण्याने दोघांना त्रास व्हायला लागला, म्हणून थाळी वाजवायचं ठरलं. थाळी चौथ्या ओळीला वाजली.

दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा दोन्हीकडे नऊ-नऊ इंच, म्हणजे मुळात अरुंद. त्यात कौलांच्या कापलेल्या कडा सिमेंटच्या मसाल्यात बसवलेल्या. मसाला पाणी शोषतो आणि पत्र्याच्या काठावरून आत नेऊन सोडतो. वर फणसाची पानं साचून बांध झालेला.

नवीन पत्रा २४ गेजचा, तीन फूट रुंद, दोन्ही काठ इंचभर वर दुमडलेले. पाणी उसळलं तरी काठ ओलांडत नाही. सांध्याला वरचा पत्रा खालच्यावर नऊ इंच चढवला. खिळे फक्त दुमडीच्या बाहेर. पन्हळीत मारलेला प्रत्येक खिळा म्हणजे पुढच्या वर्षीचं भोक. कौलांच्या कडा पन्हळीत अडीच इंच पुढे, मसाला अजिबात नाही. फणसाची छपरावर आलेली फांदी काढली. पन्हळ साफ करणं जूनपासून दर रविवारी, खालून लांब बांबूला नारळाची झाडणी बांधून.

७ मे

मतदान. काम बंद. यादीत नाव असलेले सकाळीच जीपने जाऊन आले.

९ ते ११ मे

विहिरीची जाळी. व्यास सोळा फूट, कठडा साडेतीन फूट. कठडा आणखी चढवायचा का, यावर चर्चा झाली. उंच भिंतीमागे काय चाललंय ते दिसत नाही आणि विहिरीला उजेडही राहत नाही. जाळीतून दोन्ही राहतं. आडव्या दोन आय-बीम टाकून तीन भाग केले. अँगलच्या चौकटी, सोळा मिलिमीटरच्या टॉर सळ्या चार-चार इंचांवर, दर अडीच फुटांना खालून आडवा अँगल. तो नसेल तर मधे पाय पडल्यावर सळी कायमची वाकते. चौकटी नट-बोल्टच्या, म्हणजे गाळ काढताना एक भाग सोडवता येतो. फूटव्हॉल्व्हसाठी (पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप) दोन फुटांचं झाकण, त्याला कुलूप, किल्ली कामावरच्या दोघांकडेच. वेल्डिंग बाहेरून करून आणलं. झगझगाट आणि ठिणग्या आवारात नकोत.

याच दिवशी अवजारांच्या खोलीतलं फवारणीच्या औषधांचं कपाट रिकामं केलं आणि कपाटच काढलं. यापुढे औषध लागेल त्या दिवशी लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं त्याच संध्याकाळी गावात परत. कुलूपबंद कपाटापेक्षा नसलेलं कपाट बरं.

१३ मे

गोठा, सहा गाई. जुना कोबा घोटून गुळगुळीत केलेला. दिसायला छान, पण मार्चमध्ये एक गाय दोनदा घसरली. फोडून नवीन केला : सहा इंच सोलिंग (दगडांचा थर), वर चार इंच कॉंक्रीट १:२:४. उतार चाळीस फुटांना एक फूट, गव्हाणीकडून गटाराकडे. यापेक्षा जास्त उतार दिला तर गाय पुढचे पाय वर ठेवून अवघडून उभी राहते. कमी दिला तर मूत साचतं. कॉंक्रीट अर्धवट आवळल्यावर अर्ध्या इंचाची सळी दाबून शंकरपाळ्याच्या रेघा, चार इंचांवर. फार लवकर दाबली तर रेघ मिटते, उशीर झाला तर कड सांडते. बोट टेकलं की ठसा उठतो पण बोटाला काही चिकटत नाही, ती वेळ.

पाणी मारणं दहा दिवस, गोणपाटावर, दिवसातून पाच वेळा. ही पाळी सगळ्यात आधी भरली. भिंतीवर खडूने खूण करायची : पाणी घातलं की एक रेघ. चौथ्या दिवशी तीनच रेघा होत्या आणि दारापाशी कोपऱ्यात केसासारख्या चिरा आल्या. त्या वरवरच्या आहेत, सिमेंटच्या पाण्याने भरल्या. गाई तोवर आंब्याखाली.

गोबरगॅसची ज्योत महिनाभर मंद होती. संयंत्र दोन घनमीटरचं, रोज पन्नास किलो शेण आणि तितकंच पाणी. शेण कमी नव्हतं. पाइप गोठ्याच्या कोपऱ्यात लोंबला होता आणि गॅसमधली वाफ थिजून तिथे पाणी साठलं होतं. पाइप सलग उतारात बांधला, सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायची तोटी बसवली. सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहिलं, कुठेही बुडबुडा नाही.

२१ मे

चाळी. न्हाणीघरांची आठ दारं बाहेर उघडणारी केली. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगानेच अडतं. कड्या अशा की बाहेरून नाण्याने फिरवता येतात. टॉवेलचे हूक बदलले. भार आला की मिटणारे घातले. सगळं बसवल्यावर पाण्याने भरलेल्या बादलीने एकेक तपासलं : दोन हूक मिटले नाहीत, बदलले.

रंग : ओलावा असलेल्या पश्चिमेच्या भिंतींवर ऑइलपेंट लावत नाही. चिऱ्यातली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि सप्टेंबरात पापुद्रे सुटतात. चुनाच दिला. ज्यांचे हात थरथरतात त्यांना चौकटीच्या कडा देऊ नयेत. सहा इंची ब्रश आणि मोकळी भिंत द्यावी. कडांना आधी कागदी टेप मारला की तीही अडचण उरत नाही. चुना डोळ्यात उडतो, छताचं काम चष्म्याशिवाय नाही.

२५ मे

स्वयंपाकघराचा शोषखड्डा तुंबलेला. खड्डाच लहान आहे असं म्हणणं होतं. आधी जमीन तपासली : शेजारी तीन फूट खोल, एक फूट चौरस खड्डा, रात्रभर पाण्याने भरून ठेवला. सकाळी पाणी २५ मिलिमीटर उतरायला नऊ मिनिटं लागली. तासाहून जास्त लागला असता तर शोषखड्ड्याचा नादच सोडायला हवा होता. नऊ मिनिटं म्हणजे मुरूम उत्तम.

दोष खड्ड्याच्या आधी तेल अडवायला असलेल्या टाकीत. टाकी तीन बाय दोन बाय दोन फूट, आकार पुरेसा. पण बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून उभा टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) नव्हता. टी असला की पाणी तळापासून एक फुटावरून उचललं जातं आणि तेल वर तरंगत राहतं. तो नसल्याने तेलाचा तवंग थेट खड्ड्यात जाऊन जांभ्याच्या तुकड्यांवर काळा चिकट लेप बसला होता. टी बसवला, खड्ड्यातला दगड काढून उन्हात टाकला, नवीन भरला. तवंग दर शनिवारी झाऱ्याने काढून शेणखताच्या ढिगात. डाळीचा गाळ बेसिनखालच्या जाळीतच अडवायचा. तो टाकीत गेला तर आठ दिवसांत वास.

३ जून

वीज. चारही चाळींतले ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच) बटण दाबून पाहिले. तिसऱ्या चाळीतला पडला नाही, बदलला. अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घातलं.

विहिरीच्या पंपाला ऑटो-स्टार्टर. थ्री फेज वीज रात्री येते तेव्हा पंप आपोआप चालू होतो आणि फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर पाइप रिकामा होऊन कोरडाच फिरत राहतो; गेल्या वर्षी सील त्यामुळेच जळलं. फूटव्हॉल्व्हचं चामडं बदललं, कोरडा चालला तर बंद करणारं यंत्र बसवलं.

वळचणीखाली भिंतीलगत फूटभर रुंद चर, त्यात नदीचे गोटे. पागोळ्यांचं पाणी मातीवर पडलं की भिंतीवर गुडघ्याएवढी लाल शिंतड उडते आणि तिथूनच चिरा झिजतो. गोटे धुणं आणि भरणं चार दिवस चाललं. या हंगामात सर्वांत जास्त हजेरी या कामाला.

८ जून

काल मृग निघालं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर). पाण्याचे लिटर : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं फुटांत) गुणिले २२.२. सोळा फूट व्यास, दहा फूट पाणी, म्हणजे सुमारे ५७,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, एकूण १४२ ग्रॅम. पावडर नवीन पुडक्यातली. उघडं राहिलेलं पुडकं महिन्याभरात मवाळ होतं आणि हिशेब फसतो. आधी पेस्ट, मग बादलीत पाणी घालून दहा मिनिटं निवळ बसू दिली. वरचं पाणी विहिरीत, तळाचा चुना बाहेर. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायला), रंग फिका पिवळा, ०.५ च्या खुणेला.

१४ जून

तीन दिवस सलग पाऊस, दोन रात्री पश्चिमेचा वारा. जेवणघर कोरडं, पन्हळीचा कोपरा कोरडा. कोबा धरून आहे. शोषखड्ड्यात पाणी हातभर खाली.

स्वयंपाकघराच्या धुराड्याभोवती थेंब गळतायत, मिनिटाला साधारण वीस. धुराडं आणि कौलं यांच्यातल्या पत्र्याची कड सुटली आहे. ओल्या छपरावर चढायचं नाही, म्हणजे काम दिवाळीनंतर. खाली मोठं पातेलं ठेवलंय. ते सकाळ-संध्याकाळ रिकामं करणं पाळीच्या फळ्यावर घातलं. पहिल्या आठवड्याची नावं भरली आहेत.